लंडनला निघालेल्या आपल्या बेळगावच्या पोरांनो, खोलीबाहेर पडा

यंदाही सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरं-पोरी लंडनला निघाली आहेत. मी तिथं शिकले, पुढं नोकरी केली आणि आता परत टिळकवाडीत राहते, त्यामुळं ओळखीतून ओळख काढून फोन येतात, कुणी आईबाबांना घेऊन घरीच येतात. प्रश्न ठरलेले असतात. खोलीचं भाडं किती, पार्टटाइम काम कुठं मिळतं, कुकर न्यायचा का, बॅगेचं वजन कसं बसवायचं. सगळे रास्त आहेत. पण तिथं बघायचं काय आणि बाहेर खायचं काय, हे क्वचितच कुणी विचारतं. एखाद्यानं विचारलंच तर आई मध्ये बोलते, "फिरायला नाही, शिकायला पाठवतोय त्याला."

काकू, मला तुमची काळजी कळते. कर्ज डोक्यावर असतं. तरीही माझं मत ठाम आहे की लंडनला शिकणं आणि लंडन बघणं ही दोन वेगळी कामं नव्हेत. तिथलं मास्टर्स बहुतेक ठिकाणी एका वर्षाचं. त्यात लेक्चर, प्रबंध, आणि टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची परवानगी. "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचं वर्ष असंच निघून जातं. मी अशी पोरं जवळून बघितली आहेत ज्यांचं लंडन म्हणजे ईस्ट हॅमची खोली, कॉलेज आणि सुपरमार्केटची शिफ्ट. जगातल्या एका मोठ्या शहरात वर्षभर राहून ती नदीकाठानं एकदाही निवांत चालली नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

असं होण्याचं मोठं कारण म्हणजे तो गुणाकार. साधी कॉफी घेतली की मनात लगेच रुपये उभे राहतात, आणि पौंड शंभराच्या कितीतरी वर असल्यामुळं कॉफी घशाखाली उतरत नाही. पहिला महिना हे होणारच. पण खोलीत बसून राहण्याला हे कारण पुरत नाही, कारण लंडनमधलं सगळ्यात चांगलं जे आहे त्यातलं बरंच फुकट आहे.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी, टेट मॉडर्न, टेट ब्रिटन. कायमच्या दालनांना कुठंही तिकीट नाही, फक्त खास प्रदर्शनांना असतं. आणि फुकट आहे म्हणून एका दिवसात सगळं बघायला जाऊ नका, पाय दुखतील आणि डोक्यात काही राहणार नाही. कॉलेज सुटल्यावर तासभर जा, एकच दालन बघा, घरी या. पुढच्या आठवड्यात दुसरं. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्री दहापर्यंत उघडं असतं. दिवसा काम करणाऱ्यांसाठी शुक्रवारची संध्याकाळ सोन्याची आहे. व्हॅन गॉगची 1888 सालची सूर्यफुलं नॅशनल गॅलरीत आहेत. हातभर अंतरावरून बघा, रंगाचे थर दिसतात.

आता बेळगावकरांसाठी खास. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे ते जैन मंदिर, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. त्याच रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याच्या काळातले बेळगावचे कन्नड शिलालेख ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. संग्रहातली प्रत्येक वस्तू दालनात मांडलेली नसते, म्हणून आधी त्यांच्या संकेतस्थळावर शोधून जा. पण आपल्या किल्ल्यातून रोज जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट माहीत असायलाच हवी. (जायच्या आधी एकदा कमल बस्तीत जाऊन या की. छताचं ते दगडी कमळ न बघताच विमानात बसणारे खूप आहेत.) टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आहे, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी नेलेला. 2024 साली साताऱ्याला आलेली वाघनखंही त्याच संग्रहालयाची. आपल्याकडच्या वस्तू तिथं कशा पोचल्या हा प्रश्न घेऊन त्या दालनांत उभं राहिलं की इतिहासाचं पुस्तक वेगळं वाचायला लागतं माणूस.

दोन ठिकाणं मात्र मी प्रत्येकाला हक्कानं सांगते. एक, किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, 1921-22 च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर इथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. हेच बाबासाहेब 1925 साली परिषदेसाठी आपल्या निपाणीला आले होते. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि तिथून प्रिमरोज हिलची टेकडी अगदी जवळ. वर चढून बसा, सगळं शहर समोर दिसतं. अभ्यासानं जीव मेटाकुटीला येतो तेव्हा त्या घरात जाऊन या, एवढंच सांगेन.

दुसरं, थेम्सच्या काठी, पार्लमेंटच्या पलीकडच्या अंगाला अल्बर्ट एम्बँकमेंटवर बसवेश्वरांचा पुतळा. नोव्हेंबर 2015 मध्ये त्याचं अनावरण झालं. माझी एक गोकाकची मैत्रीण होती, घरी कन्नड बोलणारी. आम्ही दोघी वेस्टमिन्स्टर पुलावरून उतरून काठाकाठानं तिथपर्यंत चालत जायचो. इथं कुठल्या पाटीवर कुठली भाषा यावरून आपण तापतो. आपल्या मराठीसाठी माझाही जीव तुटतो आणि तो तुटतच राहणार. पण तिथं थंडीत ताप आला तेव्हा सार-भात करून आणणारी तीच होती. अथणी, गोकाक, हुबळीची पोरं भेटली तर जोडून घ्या. जेवणाची चव त्यांना कळते, गावाची आठवण त्यांना सांगता येते.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. गर्दीची वेळ सोडून फिरा आणि ट्यूबपेक्षा, म्हणजे भुयारी रेल्वेपेक्षा, बस धरा. एका फेरीचं भाडं दोन पौंडांच्या आत, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा पैसे कटत नाहीत. रोख पैसे बसमध्ये 2014 पासून घेतच नाहीत. 24 नंबरची बस हॅम्पस्टेड हीथवरून निघून कॅम्डन, ट्रॅफल्गार चौक, पार्लमेंट करत पिम्लिकोला जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. पर्यटकांच्या उघड्या बसला जे मोजतात त्याच्या मानानं हे काहीच नाही. ऑयस्टर म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड. त्याला 16 ते 25 वयाच्यांसाठीचं सवलतीचं रेलकार्ड जोडून घेतलं तर गर्दीच्या वेळेबाहेर ट्यूबचं भाडं एक तृतीयांशानं कमी होतं. पंचविशीच्या पुढच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही ते मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लंडन आय आणि मादाम तुसाँचं तिकीट मी तरी विद्यार्थ्याला काढू देणार नाही. उंचावरून शहर बघायचं तर स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आधी नोंदणी करावी लागते आणि जागा पटकन भरतात. आणि शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये उभ्यानं नाटक बघायची तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात. पाऊस आला तर भिजायला होतं. तरी जा.

आता खाण्याचं. यावर मी जास्त बोलणार, कारण तिथं आपली पोरं सगळ्यात जास्त हाल इथंच करून घेतात. पैसे वाचवायला दुपारचं जेवण टाळायचं, रात्री नूडल्स, आणि घरी व्हिडिओ कॉलवर "जेवलो की" म्हणायचं. असं करू नका रे. रोजचं जेवण घरी करा. भात-आमटी, एक भाजी, अंडी खात असाल तर अंडी. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, सगळं साउथॉलला आणि वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळतं. रोजच्या सामानाला आल्डी, लिडल. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात पिवळ्या चिकटपट्टीचा उतरवलेल्या किमतीचा माल असतो, ब्रेड-भाज्या त्यातल्या घ्या.

घरून काय न्यायचं? शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, घरचं तिखट, कडक भाकरी. कुंदा मात्र नेऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. आजीनं प्रेमानं बांधून दिलेला डबा विमानतळावर काढून टाकावा लागला तर फार जीवावर येतं. शाकाहारी असाल तर आणखी एक. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथं सक्तीचा नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा, गोळ्या-मिठायांमध्ये जिलेटिन असतं.

आणि महिन्यातून दोन-चारदा बाहेर खा. ठरवून, पैसे बाजूला ठेवून. यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसे, शाकाहारी थाळी मिळते. फिट्झरॉय स्क्वेअरजवळ इंडियन वायएमसीएची खानावळ आहे, तिथलं साधं जेवण परवडतं. तमिळ पद्धतीचा डोसा-इडली हवी तर टूटिंग किंवा ईस्ट हॅम. साउथॉलच्या हॅवलॉक रोडवरच्या गुरुद्वारात लंगर सगळ्यांना खुला आहे. डोकं झाका, खाली बसून जेवा, आणि जमेल तेव्हा भांडी घासायला, पोळ्या लाटायला थांबा. सेवेला कुणी नाही म्हणत नाही.

पण फक्त आपलंच शोधत फिरलात तर अर्धं शहर हुकलं. हॅरिंगेच्या ग्रीन लेन्सवर तुर्की खानावळींची रांग आहे. गरम पाव, मसूर डाळीचं सूप, कोळशावर भाजलेली वांगी-मिरच्या. त्या मसुराच्या सूपावर लिंबू पिळलं की आपल्या आमटीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ब्रिक लेनची बेगलची, म्हणजे कड्यासारख्या गोल पावाची, दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. बरो मार्केटला सोमवारी जाऊ नका, बंद असतं. चायनाटाउनला वर्गातल्या चिनी मैत्रिणीला घेऊन जा आणि मागवायचं काम तिच्यावर सोपवा. वर्गात महिनोन् महिने न झालेली ओळख एका जेवणात होते.

बाहेर खाताना दोन गोष्टी. हॉटेलात साधं नळाचं पाणी मागा, ते पिण्यायोग्य असतं. बाटली आपण मागितल्याशिवाय घेऊ नका. बिलात साडेबारा टक्के वगैरे सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. "ऐच्छिक" लिहिलं असेल तर तो काढायला सांगता येतो, त्यात लाजायचं काही नाही. सेवा चांगली वाटली तर मात्र जरूर द्या, टेबल पुसणाऱ्यांत आपल्यासारखीच शिकणारी पोरं असतात.

महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून आहे. गणपतीला जाच. आरतीला उभं राहिलं की गल्लीतला मांडव आठवतो आणि रडू येतं, येऊ दे.

मोबाइल रस्त्याच्या कडेला हातात धरून उभं राहू नका, सायकलवरून येऊन हिसकावतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत जाऊन बघा. डिसेंबरात चारच्या आधी अंधार पडतो आणि त्या अंधारात आपली पोरं मनानं खचतात. म्हणून हिवाळ्यात तर दुपारी बाहेर पडायचंच, भले रिचमंड पार्कात हरणं बघायला का होईना. 25 डिसेंबरला ट्यूब, बस काहीच धावत नाही, दुकानंही बहुतेक बंद. त्या दिवसाचं सामान आदल्या दिवशी आणा आणि जे एकटे असतील त्यांना जेवायला बोलवा.

मँचेस्टर, ग्लासगो, लीड्सला जाणाऱ्यांचेही फोन येतात. तिथं राहून आलेल्या आपल्या सीमाभागातल्या कुणीतरी असंच सविस्तर लिहावं, मी ते प्रत्येक पोराला पाठवीन.