एरंडेलाने मज्जातंतू मोकळे होत नाहीत

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीने सलग तीन दिवस एरंडेल घेतले, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरील संदेशात लिहिले होते की पोटफुगी, उलट्या आणि हातापायांच्या मुंग्या आतड्यात साचलेल्या मळामुळे होतात, रेचक घेऊन तीन दिवस लंघन केले की ‘नसा मोकळ्या होतात’, जीबीएससुद्धा (गिलां-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मज्जातंतूंवर हल्ला केल्याने हातपाय लुळे पडण्याचा आजार) टळतो आणि न्यूरॉलॉजिस्टची गरज उरत नाही. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात कोसळली.

‘नसा मोकळ्या होतात’ हे वाक्य, मराठीत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोन्हींना आपण नस म्हणतो, त्या गोंधळावरच उभे आहे.

जीबीएसचा पोटाशी संबंध आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूमुळे जुलाब झालेल्या काही थोड्यांना एक ते तीन आठवड्यांनी जीबीएस होतो, कारण जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मज्जातंतूंवरील तशाच दिसणाऱ्या घटकांवर चालून जातात. पण ती रक्तात असतात, मळात नव्हे.

सर्वांत घातक सल्ला रेचकाचा. आतड्यांची हालचाल, घाम आणि उभे राहताना रक्तदाब सावरणे, ही कामे स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतात, आणि तिच्यावरच प्रतिपिंडांचा हल्ला झाला तर स्वायत्त मज्जाविकार होतो, आणि त्याची सुरुवात पोटफुगी, उलट्या किंवा बद्धकोष्ठाने होऊ शकते. 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यासात स्वायत्त मज्जाविकाराच्या 46 रुग्णांपैकी 19 जणांत अशी प्रतिपिंडे सापडली, 44 निरोगी व्यक्तींपैकी एकातही नाही. प्रत्येक फुगलेल्या पोटामागे हा आजार नसतो, बहुतेकांमागे नसतोच. परंतु ज्याच्यामागे असेल, त्याच्या अंगातले पाणी एरंडेलाने काढणे म्हणजे आधीच न सावरणारा रक्तदाब आणखी पाडणे. मावशीला सलाइन देऊन पाणी भरून काढल्यावरही उभे राहताच रक्तदाबाचा वरचा आकडा 34ने उतरत होता. 20ची घटही डॉक्टर असामान्य मानतात. मे महिन्यात लोकलच्या गर्दीतही तिला घाम येत नसे, आणि आम्ही त्याचे कौतुक करत होतो!

जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागतो, हेही संदेशात आहे. ते खोटे आहे.

राहिला न्यूरॉलॉजिस्ट. जीबीएसने चालता न येणाऱ्या रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून केलेले, शिरेतून द्यायचे औषध) लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मिळावे लागते. त्या चौदा दिवसांतले तीन लंघनात घालवा, असे हा संदेश सांगतो.