आशीर्वाद मिळाला, भोजन राहिलं

गेल्या रविवारी कनेक्टिकटमधल्या एका एपिस्कोपल चर्चमध्ये उपासनेला गेले आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत देतात ती भाकर आणि वाइन, न घेता परत आले. लेक म्हणते, सोडून दे. मी सोडणार नाही.

एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली पाती. स्वातंत्र्ययुद्धानंतर इथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सॅम्युएल सीबरींना बिशप होऊन या म्हणून इंग्लंडला धाडलं, तर तिथे म्हणाले, आधी राजाशी निष्ठेची शपथ घ्या. राजाला तर नुकतंच हाकललेलं! शेवटी १७८४ साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ते कार्य उरकलं. एवढी यातायात करून मिळवलेली उपासना एका पुस्तकात कशी मावणार? लाल प्रार्थनापुस्तक, निळं गीतपुस्तक, वर छापील पत्रक, आणि हात दोनच. ३५५ पानावर सुरुवात, ३५८ वर विश्वासांगीकार. गीतपुस्तकात १३० वेगळं आणि एस-१३० वेगळं. शिवाय सारखं उठा, बसा, गुडघे टेका. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, चालू असल्यामुळे 'हालेलुया' म्हणायचं नाही. ते ईस्टरपर्यंत बंद.

आता माझ्या शेजारच्या बाई. माझी साडी बघताच त्यांनी मला पदरात घेतलं. पान उलटायच्या आत त्या उलटून देत, ओळीवर बोट ठेवत आणि कानाशी कुजबुजत, "आता आपण उभं राहायचं हं." प्रभूची प्रार्थना मी न बघता मराठीत पुटपुटत होते, तर त्यांनी ३६४ पान माझ्या नाकासमोर धरलं. शांतीचं अभिवादन सुरू झालं तेव्हा माझा हात दोन्ही हातांत घेऊन पुढच्या बाकावरच्यांना सांगितलं, "या इंडियाहून आल्यात, पहिल्यांदाच बघताहेत!"

पहिल्यांदाच! माझा बाप्तिस्मा मी रांगायच्याही आधीचा. नगरला आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या पेल्या विसळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन स्थापन झालं, ते ह्याच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, कुटुंबातलं. पत्रकावरही ठळक छापलं होतं: बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना भोजनाचं आमंत्रण. पण पत्रक वाचायला बाईंनी उसंत दिली तर ना!

वेदीपुढच्या कठड्याशी मी रीतीप्रमाणे उजवा तळहात डाव्यावर ठेवून गुडघे टेकले. बाईंनी डावीकडून वाकून, अगदी मायेनं, माझे दोन्ही हात उचलले आणि छातीवर फुली करून ठेवले. ही खूण बाप्तिस्मा न झालेल्यांची: भाकर नको, आशीर्वाद द्या. पाळकबाईंनी खूण पाहिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकल्या. मागून खऱ्या वाइनचा चांदीचा प्याला आला, तोही माझ्यासमोरून बाईंकडे गेला. तिथे कठड्याशी भांडण काढणार का? बाई मात्र परत येताना माझ्या पाठीवर थोपटत होत्या.

उपासनेनंतर कॉफी असते. ती चुकवता येत नाही. दारातच कप हातात देतात.

"तुम्ही कधीपासून ख्रिस्ती?" बाईंनी विचारलं.

"चार पिढ्या झाल्या."

"किती छान! आणि तुमच्यापर्यंत कोण पोचलं?"

"तुमच्याकडचेच. बोस्टनच्या मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, मग नगरला आले."

बाईंचा चेहरा उजळला. "आमचे?"

"नाही, काँग्रिगेशनल. तुमच्या हिरवळीपलीकडे ते पांढरं चर्च आहे ना, त्या पंथाचे."

"अच्छा, *ते*!" त्यांनी कपात साखर ढवळली. आमच्या चार पिढ्या त्या एका 'ते'त विरघळल्या. दोन चर्चांमध्ये हिरवळीचा एक पट्टा. तो ओलांडून ह्या बाई कधी गेल्या असतील असं वाटत नाही, आणि मला शिकवत होत्या.

मग त्या एकदम खाली आवाजात म्हणाल्या, "बघा, ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्याकडे बाप्तिस्मे होतात. तुमचं नाव घालू का?"

मी लेकीकडे बघितलं. ती तिसरं बिस्किट उचलत होती. म्हणाली, "आई, हो म्हण. निदान त्यानंतर तरी जेवायला देतील."