पोटभाडेकरू

माणसाच्या कमरेला रिकामी जागा नाही. हाडं, आतडी, चरबी आणि पाठदुखी यांची तिथे इतकी दाटीवाटीने सोय झालेली आहे की आणखी एक सुपारी ठेवायलाही फट उरलेली नाही. आणि नेमकं तिथेच आम्हा परवानाधारक मंडळींना भरलेलं पिस्तूल ठेवायचं असतं. ते कुणाला दिसू नये, बसताना टोचू नये आणि वेळ आलीच तर क्षणात हाती यावं. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, मिळालं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ते सहसा उभ्यानेच बोलतात.

वजनाचा हिशेब आधी मांडतो. ग्लॉक 19 हे मध्यम अंगाचं, बऱ्यापैकी खपणारं पिस्तूल. रिकाम्या मॅगझीनसकट (मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी) साधारण 670 ग्रॅम. त्यात 9 मिलिमीटरची 15 काडतुसं, एकेक सुमारे 12 ग्रॅमचं, म्हणजे आणखी 180. झाले 850. होल्स्टर नि त्याच्या क्लिपा धरल्या की किलोच्या आसपास. किलोभर कांदे आणताना कुणी कुरकुरत नाही हे खरं, पण कांद्यांची पिशवी आपण हात बदलत आणतो, आणि घरी आल्यावर खाली ठेवतो. हा किलो कमरेच्या एकाच बाजूला, दिवसभर, पँट खाली ओढत बसलेला असतो.

म्हणून खरेदीची सुरुवात पट्ट्यापासून करावी. सगळे उलटं करतात. पिस्तूल महिनाभर चर्चा करून घेतात, होल्स्टर आठवडाभर, आणि पट्टा मात्र लग्नाच्या सुटाबरोबर आलेला तोच. तो पट्टा पँट धरण्यासाठी केलेला असतो, पिस्तूल धरण्यासाठी नव्हे. किलोभर वजन लटकलं की तो पिळवटतो, वरची कड बाहेर कलते आणि पिस्तूल अंगापासून सुटून परक्यासारखं लोंबतं. मग माणूस पट्टा आवळतो. आवळलेला पट्टा कमरेच्या हाडाजवळून मांडीकडे जाणारी एक नस दाबतो आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, मुंग्या येतात. डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव ऐकून वाटतं काहीतरी मानाचं झालं, पण इलाज एवढाच की पट्टा सैल करा.

चांगला पट्टा दीड इंच रुंद, दुपदरी आणि मध्ये पोलादाची किंवा प्लास्टिकची ताठ पट्टी असलेला असतो. आडवा वाकतो, उभा वाकत नाही. त्याची भोकं एकेक इंचावर असतील तर जेवणाआधीचं भोक जेवणानंतर चालत नाही आणि जेवणानंतरचं भोक संध्याकाळी ढिलं पडतं. दातेरी पट्टीचा, पाव-पाव इंचाने सरकणारा पट्टा हा प्रश्न सोडवतो. पँट मात्र नेहमीपेक्षा दोन इंच मोठीच घ्यावी. जुन्याच पँटमध्ये पिस्तूल कोंबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य दिसतं, त्याला लोक उगाच रुबाब समजतात.

आता जागा. आमच्यात कमरेचं घड्याळ मानतात. बेंबी म्हणजे 12, पाठीचा कणा म्हणजे 6, उजव्या हाताच्या माणसाचा उजवा खुबा म्हणजे 3. कुणी विचारतं, "किती वाजता?" तेव्हा तो वेळ विचारत नसतो.

3 वाजता पिस्तूल सर्वांत आरामात बसतं आणि सर्वांत ठळक दिसतं, कारण शरीराची बाजूची रेघ तिथेच असते. 4 वाजता ते खुब्यामागच्या खळग्यात शिरतं आणि 15 अंश पुढे कललं की मूठ पाठीला समांतर होते. उभ्याने हे छान. पण खुर्चीची पाठ लाकडी असेल तर टेकताना 'टक' असा आवाज येतो, जो कुठल्याही पाकिटाचा किंवा मोबाईलचा येत नाही. हातवाली खुर्ची शर्टाची कड उचलून देते, ती वेगळीच. 6 वाजता, म्हणजे नेमकं कण्यावर, ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो. पाय घसरून पाठीवर पडलात तर सगळं वजन लोखंडामार्गे मणक्यावर येतं. शिवाय तिथून पिस्तूल काढताना आणि ठेवताना आपण काय करतोय ते आपल्यालाच दिसत नाही.

बायकांना हे घड्याळ आणखी फसवतं. कंबर बारीक आणि खुबा रुंद असला की 3 वाजताचं होल्स्टर खालून बाहेर ढकललं जातं आणि मूठ थेट बरगडीत घुसते. पुरुषाच्या मापाने केलेल्या सल्ल्याला इथे काडीची किंमत नाही. उंची, कल आणि जागा तिन्ही बदलून पाहावी लागतात.

राहता राहिलं 1 वाजता, म्हणजे ओटीपोटावर. हा खरा पोटभाडेकरू. मधल्या घडीत बसतो, शर्टाखाली चटकन नाहीसा होतो, मिठी मारणाऱ्याच्या हाताला लागत नाही आणि काढायलाही जवळ. फक्त बसलं की नळी मांडीच्या सांध्यात आणि मूठ पोटात. खाली वाकून बूट बांधायचे म्हणजे श्वास रोखून पाण्यात बुडी मारण्यासारखं. पोट पुढे आलेलं असेल तर ते मुठीवर विसावतं आणि तिला बाहेर लोटतं. तरीही अलीकडे बरेच जण इथेच राहायला आलेत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

नवख्याला वाटतं, लपवायची ती नळी. नळीला कोण विचारतो! ती पँटच्या आत जाते आणि दिवसभर कुणाला दिसत नाही. घात करते ती मूठ. पट्ट्याच्या वर राहणारी, भरलेल्या मॅगझीनमुळे जड झालेली मूठ कपड्याखालून टोक काढते आणि उसवलेल्या गादीतल्या स्प्रिंगसारखी उभी राहते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने केली, त्याच्या कमरेला काय होतं कोण जाणे.

यातूनच एक उफराटा नियम निघतो: ओटीपोटावर आखूड नळीचं पिस्तूल लांब नळीच्यापेक्षा जास्त छळतं. वजन वर, पट्ट्याच्या वर. खाली धरायला काही नाही. साहजिकच ते बाहेर कलंडतं. नळी लांब असेल, किंवा पिस्तूल आखूड असूनही होल्स्टर इंचभर लांब असेल, तर खालचं टोक अंगाला टेकतं आणि तरफेसारखी मूठ आत येते. लहान घ्यायची तर मूठ लहान घ्या.

उरलेलं काम दोन किरकोळ वस्तू करतात. एक, पाचर: फोमचा एक-दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा, होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, अगदी खालच्या टोकाशी वेल्क्रोने चिकटवायचा. तो खालचं टोक पुढे ढकलतो, त्यामुळे मूठ पोटाकडे झुकते, शिवाय टोकाचं टोचणं तळव्याएवढ्या जागेवर पसरतं. पाचर वर चिकटवली तर परिणाम बरोब्बर उलटा होतो, आणि निम्मी माणसं ती वरच चिकटवतात, कारण दुखतं तिथे उशी लावावी असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. दुसरी वस्तू म्हणजे नखी: होल्स्टरवर, चापाभोवतीच्या कडीजवळ बाहेर आलेला प्लास्टिकचा पंख. पट्टा त्याला आत दाबतो आणि मूठ आडवी फिरून पोटाला चिकटते. पाचर वरून खाली काम करते, नखी डावीकडून उजवीकडे. एकीचं काम दुसरीला सांगू नये.

होल्स्टर कशाचं, यावर आमच्यात पिढ्यांची भांडणं आहेत. कातडं अंगाला मऊ लागतं. नवं कातडं इतकं घट्ट असतं की पिस्तूल काढताना पँटही वर येते. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण रिकामं केलेलं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर त्यात दाबून ठेवायचं. पण कातडं घाम पितं, वर्षा-दोन वर्षांत लुळं पडतं, तोंड मिटतं, आणि आत मुडपलेली ती कड पिस्तूल परत ठेवताना चापात अडकू शकते. पुढे काय होतं ते सांगायला नको. कातड्याचं तोंड मऊ पडलं की ते होल्स्टर बाद, मग आठवणी कितीही असोत. कायडेक्स हे गरम करून साच्यात दाबलेलं टणक प्लास्टिक. ते मिटत नाही, चापाची कडी पूर्ण झाकतं, पिस्तूल आत गेलं की 'खट्' करून सांगतं. त्याच्या कडा मात्र कातडी सोलतात, म्हणून आत एक बनियन हवाच. आणि त्याचे स्क्रू चालण्याच्या हादऱ्यांनी ढिले होतात. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, एकेक थेंब लावा. लाल लावू नका, ते सहजी सुटत नाही.

आरामासाठी उंची, कल, जागा, पाचर, सगळं बदला. चाप झाकणारा टणक भाग तेवढा बदलायचा नाही. पोटाला बांधायचे रुंद इलॅस्टिकचे पट्टे धावताना सुखाचे वाटतात, पण त्यात नुसता कापडी कप्पा असेल तर बाहेरून बोट चापापर्यंत पोचतं. नुसतं पिस्तूल पँटमध्ये खोचणाऱ्यांबद्दल बोलत नाही. त्यांचं ओटीपोट बोलेल.

खिसा, घोटा, खांदा ही भाड्याची इतर घरं. खिशात छोटंसं पिस्तूल खिशाच्याच होल्स्टरमध्ये, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, पेन नाही, शेंगदाणा नाही. आठवड्याला कापसाचा भुसा झाडायचा. घोट्यावर बांधलं की दोन दिवस लंगडत चालता आणि लोक पायाची चौकशी करतात. खांद्याचा पट्टा रुबाबदार दिसतो, पण मग कोट काढता येत नाही, आणि आडव्या नळीचा रोख मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसावर असतो. पिशवीत ठेवायचं तर स्वतंत्र, बंद होणारा कप्पा हवा, आणि पिशवी खांद्यावरून उतरवायची नाही. म्हणजे ती पिशवी न राहता अवयवच झाली.

कपड्यांत चौकडा आणि गडद रंग देवासारखे धावून येतात, कारण फुगवट्याची सावली नक्षीत हरवते. पातळ पांढरा टी-शर्ट सगळं सांगून टाकतो. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकून बसायचं. या एका नियमामुळे आमच्यातली कित्येक माणसं व्यायाम न करता सुधारली आहेत. मात्र सगळ्यात मोठी चुगली कपडा करत नाही, हात करतो. दर दोन मिनिटांनी शर्टाची कड खाली ओढणारा, उठल्या उठल्या कमरेला कोपर लावून पाहणारा माणूस पाटी लावून फिरतो. बघणाऱ्याला बाकी काही कळलं नाही तरी याचं पोट बिघडलंय एवढं कळतं.

पोटावरून आठवलं. सगळ्या परीक्षांची परीक्षा म्हणजे शौचालय. पट्टा सुटला की इतका वेळ ताणावर उभं असलेलं सगळं शास्त्र कोसळतं आणि किलोभर वजन फरशीकडे निघतं. अशा वेळी पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं नाही. पँट गुडघ्यांपर्यंतच न्यायची, पट्टा तिथे पुन्हा अडकवायचा, गुडघे किंचित फाकवून तो ताणलेला ठेवायचा, म्हणजे पिस्तूल आतल्या बाजूला, पँटच्या झोळीत राहतं आणि शेजारच्या खोलीतून दिसत नाही. दारामागच्या खुंटीला चापाच्या कडीने टांगणं हा वेडेपणा आहे. टाकीवर ठेवणं म्हणजे ते तिथेच विसरणं. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर हे सगळं उकिडव्याने करायचं, त्याबद्दल मी फक्त आदर व्यक्त करू शकतो.

आणि निसटलंच, तर पडू द्या. हवेत झेलायला जाऊ नका. आजची चांगली पिस्तुलं पडल्यावर गोळी सुटू नये अशीच बनवलेली असतात, पण झेलणाऱ्या हाताचं बोट हमखास चाप शोधतं. परत ठेवतानाही घाई नको: शर्ट पूर्ण वर, जाकिटाच्या नाड्या बाजूला, बोट चापाबाहेर सरळ, कंबर जरा पुढे, आणि डोळ्यांनी बघत, सावकाश. काढण्याच्या वेगाचं कौतुक होतं. ठेवण्याच्या वेगाचं कौतुक फक्त सर्जन करतात.

नवं होल्स्टर रिकाम्या पिस्तुलासह घरातच दोन आठवडे वापरावं: सोफ्यावर बसा, जमिनीवर मांडी घाला, बूट बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा, गाडीत पट्टा लावून पाहा. तो पट्टा मुठीवरून न जाता खालून, मांड्यांवरून गेला पाहिजे. रोज एकच गोष्ट बदला. एका दिवशी उंची, कल आणि पाचर तिन्ही बदलली तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. इतकं करूनही दोनातलं एक होल्स्टर खणात जातं. प्रत्येकाच्या घरी असा एक खण असतो, ज्यात आठ-दहा होल्स्टर एकमेकांच्या क्लिपांत अडकून पडलेली असतात. ती विकवत नाहीत, टाकवत नाहीत, आणि तो खण बायकोसमोर उघडतही नाही.

रात्री भाडेकरू उतरतो. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे आणि आतलं काडतूस बाहेर. हा क्रम चुकला तर मॅगझीन पुढचं काडतूस निमूट आत सारतं. डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहायचं. अंगाकडच्या बाजूचा घाम पुसून तेलाचा हात फिरवायचा, कारण गंज तिथूनच धरतो. मग कुलपात. पोटावर होल्स्टरच्या कडेचा लाल ठसा उमटलेला असतो, तो सकाळपर्यंत टिकतो. आणि पायजम्यात पाणी प्यायला उठलं, तरी हात आपोआप कमरेकडे जातो आणि बनियनची कड खाली ओढतो.