यादी वर पाठवण्याआधी चावडीवर लावा

अतिवृष्टीच्या अनुदानाचा विषय निघाला की सगळे "हेक्टरी किती?" एवढंच विचारतात. दर ठरलेले असतात. २०२५ मध्ये नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० रुपये होते. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मदतीच्या क्षेत्राची मर्यादा दोनवरून तीन हेक्टर झाली, आणि रब्बीच्या बियाण्याखतासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस मार खातो तो दरात नाही, कोणाचं किती क्षेत्र बुडालं त्या यादीत.

त्या दराने कोरडवाहू सोयाबीनचा हिशेब आरला, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाला, ८५ रुपये. ८० आर बुडालं आणि यादीत ४० लागलं, की ६,८०० चे ३,४०० झाले. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी बांधावर जाऊन करायचा असतो. चिखलात गाडी जात नाही, गावं जास्त, दिवस थोडे. मग ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर केलेली पिकाची नोंद, समोर ठेवून चावडीतच क्षेत्र लिहिलं जातं. पाहणी राहिली असेल किंवा गट 'पड' दिसत असेल, तर उभं पीक वाहून गेलं तरी नाव येत नाही. म्हणून पंचनाम्याच्या दिवशी सातबारा घेऊन स्वतः हजर राहा, आणि आपल्या नावापुढे किती आर लिहिलं ते तिथंच वाचा.

सामाईक सातबाऱ्याचा घोळ सगळ्यात मोठा. तीन भावांचा एक गट, पैसे एकाच्या नावावर, तेही बाकीच्यांचं संमतीपत्र दिल्यावर. खातेदार वारला असेल तर वारसाची नोंद होईपर्यंत रक्कम अडकते. फेरफार आजच टाका, पुढच्या पुराची वाट बघू नका.

यादीतल्या नावाचा विशिष्ट क्रमांक आला आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, सांगितली, की सेवा केंद्रावर अंगठा देण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. नाव, गट, क्षेत्र, रक्कम, चारही बघा. चूक असेल तर अंगठा न देता तक्रार टाका, ती तहसीलला जाते. मान्य करून पावती घेतली की दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. आणि कापूस वेचून ज्या बाईच्या बोटाच्या रेषाच झिजल्यात, तिला मशीन चार-चार वेळा नाकारतं. त्यात तिची काय चूक? अशा वेळी ओटीपी किंवा डोळ्याच्या स्कॅनची सोय आहे का ते विचारा, नुसतं परत येऊ नका.

पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठलंही दिलेलं असो. कधीतरी कुठल्या योजनेसाठी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तेच असतं. बँकेत जाऊन एवढं एकदा तपासा. आणि बँकेने हे पैसे कर्जापोटी धरून ठेवले तर तहसीलदारांना लेखी द्या. या मदतीतून कर्जवसुली करू नये असं शासन निर्णयात लिहिलेलं असतं.

माझी मागणी एकच आहे. पैसे मंजूर झाल्यावर जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यादी टाकून उपयोग नाही, तेव्हा चूक पक्की झालेली असते. तहसीलला जाण्याआधी तीन दिवस ती चावडीच्या भिंतीवर लावा, नाव, गट आणि आर मोठ्या अक्षरात. कोणाच्या रानात किती पाणी होतं, हे गावाला माहीत असतं.