आधी टॅब घ्या, धड्याचं नंतर बघू

तुमच्या शाळेने ‘डिजिटल’ व्हायचं ठरवलंय ना? मग पहिली खबरदारी घ्या. प्रत्येक शिक्षकखोलीत एक तरी माणूस असा असतो, जो भर बैठकीत चष्मा पुसत विचारतो, ‘पण यावर शिकवायचं काय?’ त्याला खरेदी समितीत घेऊ नका. प्रश्न चुकीचा नाही, अवेळी आहे. आधी टॅब, मग त्याचं कव्हर, मग चार्जिंगचं कपाट, मग उद्घाटन, आणि एवढं करून वेळ उरलाच तर धडा.

उद्घाटनाच्या भाषणाची चिंता नको. थॉमस एडिसन यांनी 1913 मध्येच सांगून ठेवलंय की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होणार आणि मुलं डोळ्यांनी शिकणार. त्यांची सगळी भिस्त चित्रपटावर होती. पुढे चित्रपट खोडून रेडिओ, रेडिओ खोडून टीव्ही, टीव्ही खोडून संगणक असं करत तेच भाषण शंभर वर्षं उत्तम चाललंय. तुम्ही ‘ॲप’ घाला. पुस्तकं अजून जागेवरच आहेत हे सभागृहात कोणी बोलून दाखवत नाही. सगळे व्हिडिओ काढण्यात गुंतलेले असतात.

खरेदी करताना मन मोठं ठेवा. लॉस एंजेलिसच्या शालेय प्रशासनाने 2013 मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड देण्याची योजना आखली. खर्चाचा अंदाज शंभर कोटी डॉलरच्या वर. त्यावर चालवायचा अभ्यासक्रम अजून पुरा झालेला नव्हता, पण अशा फुटकळ कारणांसाठी वाटप थांबवायचं नसतं. आठवडाभरातच शेकडो मुलांनी सेटिंगमध्ये जाऊन बंधनं घालणारं प्रोफाइल पुसून टाकलं आणि हव्या त्या साइट गाठल्या. अडचण ओळखणं, उपाय शोधणं, तो मित्राला समजावून सांगणं: शिक्षणतज्ज्ञ ज्या कौशल्यांसाठी कार्यशाळा घेतात, ती मुलांनी कोणी न शिकवता आत्मसात केली. त्यांचं कौतुक व्हायचं राहिलं. उलट आयपॅड परत मागवले गेले आणि 2014 मध्ये करारच गुंडाळला गेला. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या 2012 च्या अभ्यासात गणित आणि भाषेचे गुण वाढल्याचा पुरावा सापडला नाही. पण वाटपाचे फोटो छान आले होते.

आता प्रत्यक्ष तास. चाळीस मिनिटांपैकी पहिली पंधरा लॉगिनसाठी राखून ठेवा. यात मुलांना चिकाटीचं शिक्षण मिळतं. एकाचा पासवर्ड विसरलेला असतो, दुसऱ्याचा आईच्या फोनवर आलेल्या ओटीपीत अडकलेला, तिसऱ्याचा टॅब नेमका आत्ताच अपडेट व्हायला बसलेला. चौथी मुलगी ‘बाई, नुसतं गोल फिरतंय’ म्हणते. तिच्याकडे जाऊन तुम्हीही थोडा वेळ ते गोल फिरणं पाहा. विद्यार्थ्याच्या पातळीवर उतरणं यालाच म्हणतात. सगळे आत पोचले की जो सर्वांत आधी पोचला होता तो बाहेर फेकला गेलेला असतो. त्याला पुन्हा आत घ्या. फळ्यावर तारीख लिहायचा मोह टाळा, मुलं चटकन ती वहीत उतरवून घेतात आणि वर्ग जुनाट दिसतो.

उरलेल्या वेळात प्रश्नमंजुषा. कहूटसारख्या ॲपमध्ये बरोबर उत्तर जितकं लवकर द्याल तितके गुण जास्त, ही सोय फार मोलाची आहे. विचार करून उत्तर देणारी मुलं आपोआप तळाला जातात आणि वर्गातली एक जुनी डोकेदुखी मिटते. ढोलकी वाजते, रंग उसळतात, पहिल्या तिघांची नावं झळकतात. ही नावं मुलांनी स्वतः ठेवलेली असल्याने ‘झोपलेला बटाटा’ आणि ‘सरांचा चष्मा’ यांना शाबासकी द्यायची तयारी ठेवा. एक पथ्य मात्र पाळा. ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न पर्यायांच्या चार रंगीत चौकोनांत बसत नाही. तो विचारणं हळूहळू बंद करा. वर्षभरात मुलांनाही त्याची सवय राहणार नाही.

मुलांचं लक्ष विचलित होतं, अशी तक्रार येईल. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2022 च्या फेरीत ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या सरासरी 65 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी फोन-टॅबसारखं यंत्र वापरल्याने आपलं लक्ष भरकटतं. 59 टक्के म्हणाले, दुसऱ्यांच्या यंत्रामुळे भरकटतं. शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावण्याला अहवालात ‘सहयोगी अध्ययन’ असं लिहा. त्याच चाचणीत असंही दिसलं की शाळेत शिकण्यासाठी रोज तासाभरापर्यंत यंत्र वापरणाऱ्यांना गणितात, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा, सरासरी 14 गुण जास्त होते. हे वाक्य माहितीपत्रकात जरूर छापा, फक्त ‘तासाभरापर्यंत’ हा शब्द जागेअभावी वगळा.

काही ॲप्सपासून मात्र जपून राहा. प्लिकर्स नावाचा एक प्रकार आहे. त्यात फोन एकट्या शिक्षकाकडे लागतो, मुलांच्या हाती छापलेलं एक कार्ड. उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून वर धरायचं, शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाला समजलं नाही ते लगेच कळतं. शेजाऱ्याला कार्डावरून उत्तरही ओळखता येत नाही. लाजाळू मूलही उत्तर देतं. यात खरेदी करण्यासारखं जवळपास काहीच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. फायफॉक्स तर त्याहून घातक. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं, फुकट. फोनमधले सेन्सर वापरून ते फोनलाच प्रयोगशाळा करून टाकतं. फोन दोरीला टांगून झोका दिला की आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, मिळतो, त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढता येतं. उत्तर 9.8 च्या ऐवजी 9.4 आलं की मुलं दोरीची लांबी पुन्हा मोजतात, एकमेकांशी भांडतात, आणि घंटा झाली तरी उठत नाहीत. शिवाय या सगळ्या गोंधळात कोणाला एकही बॅज मिळत नाही. असा तास तपासणीच्या दिवशी तर मुळीच ठेवू नका.

गृहपाठाची नवी पद्धत सोपी आहे. मुलाने वहीत लिहायचं, वडिलांनी त्याचा फोटो काढायचा, अंगठा आला म्हणून पुन्हा काढायचा, आईने पीडीएफ करायची, ती ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून परत आली की लहान करायची, आणि रात्री साडेदहाला चढवायची. शिक्षकाने ती अंधुक वही फोनवर मोठी करकरून तपासायची. वही तेवढी दप्तरात शाळेत येतेच, पण तिच्याकडे बघायचं नाही.

नोंदणी करताना अटींचं लांबलचक पान येईल. न वाचता ‘मान्य’ दाबा, आणि पालकांनाही ही शिस्त लावा. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने 2022 च्या अहवालासाठी, कोविडच्या काळात सरकारांनी सुचवलेली दीडशेहून जास्त शैक्षणिक साधनं तपासली. त्यातली 89 टक्के मुलांची माहिती अशा रीतीने हाताळत होती की त्यांच्या हक्कांना धोका पोचावा किंवा हक्कांचा भंगच व्हावा. मुलांकडे एवढ्या बारकाईने लक्ष देणारं कोणीतरी आहे, हे पालकसभेत कसं मांडायचं ते तुम्हीच ठरवा.

शेवटी, बंदीचं वारं आलं तर गडबडून जाऊ नका. फ्रान्सने 2018 मध्येच साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनवर बंदी घातली, आणि नंतर बरेच देश त्या रांगेत उभे राहिले. पण बंदीतही खरेदीला वाव आहे. फोन बंद करून ठेवायच्या, चुंबकाने उघडणाऱ्या पिशव्या मिळतात. त्यांची निविदा काढा, समिती तीच ठेवा. कोणाची पिशवी बंद आणि कोणाची उघडी याची नोंद ठेवायला एखादं ॲप बघून ठेवा. आणि उद्यापासून वर्गात फोन आणू नये, ही सूचना मुलांना आजच वर्गात व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे सगळ्यांनी वाचल्याची निळी खूण लगेच दिसेल.