तीच तोडफोड, पुन्हा पहिल्यापासून

२०१६ साली आलेला ‘माफिया ३’ हा व्हिडिओ गेम मी तिसऱ्यांदा खेळायला घेतला आणि तिसऱ्यांदा त्याच टप्प्यावर वैतागून थांबलो. १९६८ सालचे, न्यू ऑर्लिन्सवर बेतलेले न्यू बोर्दो शहर, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला कृष्णवर्णीय लिंकन क्ले आणि ज्यांनी त्याला आपला मानून वाढवले त्यांची मार्कानो टोळीने केलेली हत्या, ही सुरुवात इतकी भेदक आहे की पुढचे जाणून घेतल्यावाचून राहवत नाही. श्रीमंत गोऱ्यांच्या वस्तीत पोलीस तत्परतेने धावतात आणि गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रेंगाळतात, हा एकच तपशील वर्णभेदाविषयी किती सांगून जातो! मग अशा कथेच्या मानेवर दर वस्तीत त्याच कामाचे जू का ठेवावे? खबऱ्याला गाठा, गोदामाची तोडफोड करा, ठरलेल्या रकमेचे नुकसान झाले की धंद्याच्या म्होरक्याला संपवा, आणि पुढच्या वस्तीत पुन्हा पहिल्यापासून तेच. लिंकनचा सूड माझ्या मनात धगधगत असताना त्यावर असे तासन्‌तास पाणी ओतले जाते, याचा मला दर वेळी मनस्वी संताप येतो.