बास वाढवा, माइक बंद करा? थांबा जरा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॉक्लिअर इम्प्लांटवर मोबाइलचा आवाज स्पष्ट हवा? ॲपमध्ये सगळ्यात भारी क्वालिटी निवडा, बास वाढवा, व्हॉल्यूम फुल ठेवा, प्रोसेसरचा माइक बंद करा.’ (इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र. प्रोसेसर म्हणजे त्याचा बाहेर लावायचा, आवाज पकडणारा भाग.) मेसेजमधला पहिला सल्ला नुसता डेटा खातो. बाकीचे तीन अंगाशी येतात.

‘भारी क्वालिटी.’ प्रोसेसर साधारण ८००० हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झ जितके जास्त, तितका आवाज बारीक) आवाज घेतो आणि कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोडांवर, म्हणजे कानाच्या आत नसेला संकेत देणाऱ्या टोकांवर, वाटून देतो. १६० आणि ३२० केबीपीएसमधला (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटामधला) फरक कानाच्या आत पोचेपर्यंत उरतच नाही. उलट लोकलमध्ये नेटवर्क तुटलं की जड फाइल आधी अडकते, म्हणून ऐकायचं ते घरूनच डाउनलोड करून निघावं. आवाजाची खरी वाट लागते ती कॉलवर. जुन्या पद्धतीच्या कॉलमधून ३४०० हर्ट्झच्या वरचं काही जात नाही. ‘श’ची सळसळ त्याच्या आत थोडीफार शिल्लक राहते, ‘स’चा मात्र मुख्य जोर ४००० च्या वर असतो. मग पलीकडचा माणूस ‘साल’ म्हणाला की ‘शाल’, हे संदर्भावरून ताडावं लागतं. दोन्ही फोनांवर व्होल्टे (४जी नेटवर्कवरून जाणारा कॉल) चालू ठेवा, नाहीतर सरळ इंटरनेट कॉल करा. फरक पहिल्या वाक्यातच कळतो.

‘बास वाढवा, व्हॉल्यूम फुल.’ दोन्हींची चूक एकच आहे. इम्प्लांटवर ‘जेमतेम ऐकू आलं’ आणि ‘आता पुरे’ यांतलं अंतर फार थोडं असतं. ते सांभाळायला प्रोसेसरमध्ये एजीसी, म्हणजे आपोआप आवाज दाबणारी यंत्रणा असते. ढोलाचा दणका आला की ती सगळंच दाबते, गायकाचे शब्दसुद्धा. इक्वलायझरमध्ये २५० हर्ट्झच्या खालचं थोडं उतरवा, २००० ते ४००० चं तीनेक डेसिबल चढवा. व्हॉल्यूम निम्म्यावरून सुरू करून एकेक पायरी वाढवा, शब्द आणखी सुटे होणं थांबलं की तिथेच थांबा. त्यापुढे आवाज वाढतो, अर्थ नाही.

‘माइक बंद करा.’ घरात दार लावून बसला असाल तर ठीक. दादरच्या पुलावर किंवा रिक्षांच्या गर्दीत हा सल्ला धोक्याचा आहे. स्ट्रीमिंग (फोनमधून थेट प्रोसेसरला येणारा आवाज) आणि माइक यांचं प्रमाण बदलता येतं. काही प्रोसेसरांत ॲपमधून, काहींत मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसर आपल्यासाठी जुळवून घेण्याच्या, वेळी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून). दोन प्रोग्राम मागून घ्या: घरासाठी स्ट्रीमिंग जास्त, बाहेर दोन्ही सारखे. टेलिकॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी प्रोसेसरमधली गुंडाळी) वापरत असाल तर लोकलमध्ये मोटरची घरघर त्यातूनच येते. प्रोसेसर बिघडलेला नसतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र करून देणं. एकाच कानाला इम्प्लांट असेल आणि स्टिरिओची एकच बाजू पोचत असेल, तर कधी गाणारा गायब होतो, कधी मुलाखतीतला दुसरा माणूस. आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल, मोनो ऑडिओ. अँड्रॉइडवरही ॲक्सेसिबिलिटीतच सापडतं.